वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ : दोन जॉन, दोन लॉरेन्स आणि ट्रिंग गावचा एक वारसा दाखला

कागदपत्री (धागाकर्ता)

डिसेंबर १७९१ मध्ये सर आयझॅक हर्ड यांनी लंडनहून जॉर्ज वॉशिंग्टनला एक पत्र लिहिले. हर्ड हे कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेतले, म्हणजे मानकरी घराण्यांच्या वंशावळी आणि कुलचिन्हे यांचे दफ्तर सांभाळणाऱ्या इंग्लंडच्या दरबारी खात्यातले सर्वांत वरिष्ठ अधिकारी होते, आणि अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे घराणे मूळचे इंग्लंडात कुठले, हे त्यांना ठरवायचे होते. वॉशिंग्टनने मे १७९२ मध्ये उत्तर दिले. या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, अशी कबुली देऊन त्याने लिहिले की १६५७ च्या सुमारास, क्रॉमवेलच्या अमदानीत, जॉन आणि लॉरेन्स हे दोन सख्खे भाऊ इंग्लंडच्या उत्तर भागातून निघून व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी वेस्टमोरलंड काउंटीत स्थायिक झाले. उत्तरेकडची नेमकी काउंटी कोणती, हे त्याला सांगता आले नाही. हे उत्तर लिहिण्याआधी त्याने हॅना फेअरफॅक्स वॉशिंग्टन या नात्यातल्या बाईंकडे चौकशी केली होती. ज्या घराण्याच्या जमिनी तीन पिढ्यांत कित्येक हजार एकरांवर गेल्या, त्या घराण्याला पणजोबांचे गाव माहीत नसावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण व्हर्जिनियाच्या जमीनदारांत ही गोष्ट मुळीच दुर्मीळ नव्हती.

जॉर्जपासून या पणजोबापर्यंतचा भाग सोपा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. जॉर्जचे वडील ऑगस्टीन (१६९४–१७४३), त्यांचे वडील लॉरेन्स (१६५९–१६९८) आणि त्यांचे वडील जॉन. वेस्टमोरलंड काउंटीचे कोर्टाचे दफ्तर १६५३ पासूनचे बऱ्यापैकी शाबूत असल्यामुळे या साखळीतल्या प्रत्येक दुव्याला मृत्युपत्राचा किंवा जमिनीच्या व्यवहाराचा आधार मिळतो. खरी अडचण अटलांटिकच्या पलीकडे सुरू होते.

हर्ड यांनी नॉर्दम्प्टनशर काउंटीतल्या मानकरी घराण्यांच्या १६१८ च्या पाहणीत नोंदवलेली सल्ग्रेव्ह गावची वॉशिंग्टन शाखा पुढे घेतली. या शाखेचा मूळ पुरुष लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी होता. तो नॉर्दम्प्टनचा दोनदा मेयर झाला आणि आठव्या हेन्रीने मठांच्या मालमत्ता जप्त केल्यावर १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्हची मठाची जमीन ३२४ पौंडांच्या आसपास रक्कम मोजून विकत घेतली. १६१६ मध्ये वारलेल्या त्याच्या लॉरेन्स नावाच्याच नातवाला बरीच मुले होती. त्यांपैकी एकाचे नाव जॉन आणि दुसऱ्याचे लॉरेन्स. व्हर्जिनियात गेलेल्या भावांची नावे हीच, काळही ढोबळमानाने जुळतो, तेव्हा हे दोघे तेच असावेत, असे हर्ड यांनी धरले. त्यांच्या स्वतःच्या मनातली शंका अखेरपर्यंत गेली नव्हती. मात्र नॉर्दम्प्टनशरच्या इतिहासकाराने ही वंशावळ निःशंकपणे छापली आणि पुढे जॅरेड स्पार्क्स व वॉशिंग्टन अर्व्हिंग या चरित्रकारांनी तीच उचलली. अशा रीतीने एक अंदाज सुमारे पाऊणशे वर्षे सिद्ध गोष्ट म्हणून वावरला.

तो अंदाज मोडून काढला जोसेफ लेम्युएल चेस्टर याने. हा कनेटिकटचा माणूस लंडनला जाऊन राहिला आणि त्याने चर्चच्या नोंदवह्या उतरवून काढण्यात हयात घालवली. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या नोंदवह्या त्यानेच संपादित केल्या. १८६६ मध्ये त्याने मांडलेले मुद्दे अगदी साधे होते. सल्ग्रेव्हच्या जॉनला १६२३ मध्ये नाइट हा किताब मिळालेला होता आणि त्यानंतर तो सर्व कागदांत ‘सर जॉन’ असाच येतो. व्हर्जिनियातल्या जॉनला मात्र एकाही कागदात ‘सर’ म्हटलेले नाही, आणि त्या काळी किताब असलेला माणूस तो लपवून ठेवील, हे संभवतच नाही. दोघांच्या बायकांची नावेही निराळी. सल्ग्रेव्हचा लॉरेन्स ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात फेलो होता आणि नंतर पाद्री झाला. व्हर्जिनियाचा लॉरेन्स कधीच पाद्री नव्हता. माझ्या मते वंशावळ तपासण्याची ही पद्धत आजही पहिल्या धड्यासारखी शिकवावी, कारण चेस्टरने नवा कागद शोधण्याआधी समोर असलेल्या कागदांतली विसंगती दाखवली.

पण मग हे दोघे भाऊ कोणाचे? ते उत्तर १८८९ मध्ये हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्सने दिले. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीसाठी तो लंडनमध्ये जुनी मृत्युपत्रे चाळत असे, आणि हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचे नाव आहे त्या जॉन हार्वर्डचे कूळही त्यानेच शोधले होते. हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग गावी १६५५ मध्ये ॲम्फिलिस वॉशिंग्टन नावाची विधवा वारली. तिचे मृत्युपत्र नव्हते, म्हणून फेब्रुवारी १६५६ मध्ये तिच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार थोरला मुलगा जॉन याला देण्यात आला. आपल्या भाषेत सांगायचे तर वारसा दाखला निघाला. तिचे सावत्र वडील अँड्र्यू नोलिंग यांनी त्याआधीच आपल्या जमिनी लॉरेन्स वॉशिंग्टन या धर्मपुत्राला, म्हणजे ॲम्फिलिसच्याच धाकट्या मुलाला लिहून दिल्या होत्या. आणि ॲम्फिलिसचा नवरा कोण, तर हर्ड यांच्या वंशावळीतला तोच ऑक्सफर्डचा पाद्री लॉरेन्स!

हर्ड यांनी घर बरोबर ओळखले होते, त्यांची चुकली होती ती एक पिढी. ज्याला त्यांनी व्हर्जिनियात गेलेला धाकटा भाऊ मानले, तो प्रत्यक्षात गेलेल्या दोघा भावांचा बाप निघाला, आणि सर जॉन हा त्यांचा काका. हा पाद्री एसेक्समधल्या पर्ली गावचा रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री होता. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूचा ठरल्यामुळे १६४३ मध्ये त्याला तिथून काढले गेले आणि दारूच्या गुत्त्यावर नेहमी जातो, असा आरोप छापील पुस्तिकेतून त्याच्यावर केला गेला. आरोप करणारे पार्लमेंटच्या पक्षाचे होते, हे लक्षात घेऊनच तो वाचावा. १६५३ च्या जानेवारीत माल्डनला त्याचे दफन झाले. उत्पन्न गेलेले, बाप वारलेला, आईही गेलेली, अशा स्थितीत थोरला मुलगा व्यापारी जहाजावर चढला, हे पटण्यासारखे आहे.

व्हर्जिनियाच्या टोकालाही या दुव्याला पुरावा मिळतो, आणि तो एका बहिणीकडून. १६७५ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात जॉनने आपली बहीण मार्था हिला दहा पौंड आणि चार हजार पौंड वजनाचा तंबाखू ठेवला, शिवाय समुद्रप्रवासाच्या खर्चापोटी तिच्याकडून येणे असलेली रक्कम माफ केली. (व्हर्जिनियात त्या काळी तंबाखू हेच चलन होते.) ही मार्था १६९७ मध्ये स्वतःचे मृत्युपत्र करते तेव्हा इंग्लंडातल्या एलिझाबेथ रम्बोल्ड आणि मार्गारेट टॅल्बट या दोन बहिणींची नावे त्यात लिहिते. पर्लीच्या पाद्र्याच्या मुली एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था. लॉरेन्स आणि जॉन ही नावे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिल्यामुळे त्यांच्यावर विसंबून काहीच सिद्ध होत नव्हते. घोटाळा सुटला तो बायकांच्या कागदांमुळे.

---

सातपुडा

लेख आवडला. एक शंका आहे. आजोबा लॉरेन्स यांचे जन्मवर्ष १६५९ दिले आहे, ते चर्चच्या नोंदीवरून का? व्हर्जिनियातल्या इतक्या जुन्या पॅरिश नोंदवह्या फारशा शिल्लक नाहीत, असे वाचले आहे. दुसरे असे की काही ठिकाणी ॲम्फिलिसच्या वारसा दाखल्याचे वर्ष १६५५ दिलेले दिसते आणि आपण १६५६ म्हणता.

---

कागदपत्री

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे त्यांचा फेब्रुवारी १६५५ हा आपला फेब्रुवारी १६५६ होतो, आणि जाणकार लोक अशी तारीख १६५५/५६ अशी लिहितात. जॉर्जचा जन्म घरच्या बायबलमध्ये ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा नोंदलेला आहे. पंचांग बदलल्यावर अकरा दिवस वाढून तो २२ फेब्रुवारी १७३२ झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर मूल आईच्या मृत्यूनंतर जन्मल्यासारखे दिसू लागते.

जन्मवर्षाचा पुरावा मात्र फार मासलेवाईक आहे. जॉन ‘सी हॉर्स’ नावाच्या जहाजावर एडवर्ड प्रेस्कॉट या मालकाबरोबर आला होता. १६५७ च्या सुरुवातीला ते जहाज पोटोमॅकमध्ये रुतले, प्रेस्कॉटशी त्याचा पैशांवरून तंटा झाला, आणि नथानिएल पोप या तिथल्या वजनदार जमीनदाराने जॉनची बाजू घेऊन त्याला मदत केली. पुढे याच पोपची मुलगी ॲन जॉनला दिली गेली आणि सासऱ्याकडून सातशे एकर जमीनही मिळाली. पुढच्या एका सफरीत चेटकीण ठरवून एका बाईला जहाजावर फाशी दिले गेले, त्याला प्रेस्कॉट जबाबदार आहे, अशी फिर्याद जॉनने मेरीलँडच्या कोर्टात केली. खटल्याची तारीख ऑक्टोबर १६५९ मध्ये पडली, तेव्हा जॉनने ३० सप्टेंबरला कळवले की त्याच सुमारास माझ्या तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा ठरला असून सर्वांना आमंत्रणेही गेली आहेत, त्यामुळे मला येता येणार नाही. फिर्यादीच हजर नाही म्हटल्यावर प्रेस्कॉट सुटला. त्या बाईला न्याय मिळाला नाही, पण जॉनच्या सबबीतून जॉर्जच्या आजोबांचे जन्मवर्ष आपल्याला मिळाले.

---

मोडीवाचक

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची संपादने जवळून पाहिल्यामुळे एक गोष्ट मांडावीशी वाटते. घराणे नावारूपाला आले की मूळ पुरुष मागे मागे सरकवण्याचा मोह सगळीकडे सारखाच असतो. १८७९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट वेल्स यांनी जॉर्ज वॉशिंग्टनची वंशावळ थेट ओडिन या स्कँडिनेव्हियन देवापर्यंत नेऊन भिडवली आणि मधल्या पंचावन्न पिढ्या छापून दिल्या! चेस्टरचे खंडन तेरा वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेले होते, आणि तरीही अशा ग्रंथाला गिऱ्हाईक मिळाले. वॉटर्सचा निष्कर्ष जुना न होण्याचे कारण असे की ट्रिंगच्या कागदापलीकडे जाण्याचा त्याने सोस केला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना रुचेल. ज्या हर्ड यांनी हे सगळे सुरू केले, त्यांनी बोस्टनच्या एका विधवेशी लग्न केले होते. तिच्या पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा म्हणजे डेव्हिड ऑक्टरलोनी, ज्याने ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेपासून दिल्ली राखली. म्हणजे हर्ड लंडनला बसून वॉशिंग्टनचे कूळ शोधत होते, तेव्हा त्यांचा बोस्टनमध्ये जन्मलेला सावत्र मुलगा हिंदुस्थानात कंपनीच्या फौजेत होता.

---

नदीकाठ

ऑक्टरलोनीचा हा संबंध मला माहीत नव्हता, आभार. ‘उत्तर इंग्लंड’ ही समजूत मात्र पूर्णपणे निराधार होती, असे मला वाटत नाही. आजोबा लॉरेन्स १६९८ मध्ये वारल्यावर त्यांची विधवा मिल्ड्रेड वॉर्नर हिने जॉर्ज गेल नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न केले आणि मुलांना घेऊन ती इंग्लंडच्या वायव्य टोकाला, कंबरलँडमधल्या व्हाइटहेवन बंदरात गेली. १७०१ मध्ये ती तिथेच वारली. त्या वेळी छोटा ऑगस्टीन ॲपलबीच्या शाळेत होता. मुलांचा ताबा आणि त्यांच्या वाट्याची मालमत्ता यांसाठी व्हर्जिनियातल्या चुलत घराण्याने कोर्टात धाव घेतली, तेव्हा कुठे मुले परत आली. ऑगस्टीनने पुढे आपल्या दोन थोरल्या मुलांनाही ॲपलबीलाच शिकायला पाठवले. घरात उत्तरेच्या गोष्टी निघत असणार आणि दोन पिढ्यांनंतर वडिलांची शाळा व पणजोबांचे गाव एकमेकांत मिसळले असणार, असा माझा तर्क आहे. घराण्याचे आडनाव डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावावरून आलेले आहे, हे खरे; पण ती गोष्ट बाराव्या शतकातली, आणि जॉर्जच्या कानावर ती पडली असण्याचा संभव कमीच.

कागद नष्ट होण्याचा विषय निघालाच आहे, तर जॉर्जची बायको मार्था वॉशिंग्टन हिच्या मृत्युपत्राचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकन यादवी युद्धात ते फेअरफॅक्सच्या कोर्टातून पळवले गेले आणि पुढे जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराच्या संग्रहात निघाले. व्हर्जिनिया राज्याने दावा लावल्यावर १९१५ मध्ये मॉर्गनच्या मुलाने ते परत केले. आज ते मूळ जागी आहे, हे नशीबच म्हणायचे, कारण याच युद्धाच्या अखेरीस रिचमंड जळाले तेव्हा सुरक्षिततेसाठी तिथे आणून ठेवलेली अनेक काउंट्यांची दफ्तरे राख झाली.

---

उत्तररात्र

आतापर्यंतची चर्चा एका घराण्याच्या गोऱ्या शाखेपुरती झाली. जॉर्जच्या माउंट व्हर्नन या जमीनदारीवर गुलाम म्हणून राबलेल्या माणसांचे वंशज आपली वंशावळ शोधतात, तेव्हा त्यांना याच घराण्याचे कागद लागतात, आणि त्यांच्यासाठी हा प्रवास कितीतरी कठीण असतो. जॉर्जने १७९९ मध्ये तयार केलेल्या यादीत ३१७ गुलामांची नावे आहेत. कोण कोणत्या शेतावर आहे, कोणाचा नवरा किंवा बायको कुठे आहे, हे त्यात लिहिले आहे, कारण मृत्युपत्र करण्यासाठी त्याला मालमत्तेचा हिशोब हवा होता. यातले १२३ जण त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते, आणि त्यांच्या मुक्ततेची तरतूद त्याने केली. १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मालमत्तेतले होते. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार कायद्याने ना जॉर्जला होता, ना मार्थाला. उरलेले दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेले होते.

या दोन गटांतल्या माणसांची आपापसांत लग्ने झालेली होती. त्यामुळे १८०१ च्या १ जानेवारीला मार्थाने पहिल्या गटाला मुक्त केले, तेव्हा एकाच घरातला नवरा स्वतंत्र झाला आणि बायको-मुले गुलामच राहिली, अशी उदाहरणे घडली. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर दुसरा गट तिच्या चार नातवंडांत वाटला गेला. म्हणून शोध घेणाऱ्याला माउंट व्हर्ननवरून निघून त्या चारही नातवंडांच्या घरांचे कागद पाहावे लागतात. त्यांपैकी आर्लिंग्टनला राहणाऱ्या नातवाच्या वाटणीचा माग १८६२ च्या डिसेंबरात त्याचा जावई, यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली, याने सासऱ्याच्या मृत्युपत्राप्रमाणे नोंदवलेल्या मुक्ततापत्रापर्यंत लागतो, कारण त्यात नावे दिलेली आहेत. त्यानंतर एकदम १८७० ची जनगणना येते. पूर्वाश्रमीच्या बहुसंख्य गुलामांची नावे पहिल्यांदा तिच्यातच आली. मालकाच्या मेंढ्या, नांगर आणि माणसे एकाच वहीत लिहिलेली असतात, आणि वंशजांना आपल्या पणजीचे वय त्या वहीतून काढावे लागते.

---

सातपुडा

हा भाग वाचल्यावर मूळ धागा निराळ्या अर्थाने वाचावा लागतो. शेवटचा प्रश्न विचारतो. डीएनए चाचणीने हर्ड आणि वॉटर्स यांच्यातला वाद थेट सुटणार नाही का? आणि आमच्या कचेरीतले एक अमेरिकन गृहस्थ आपण जॉर्ज वॉशिंग्टनचे वंशज आहोत, असे सांगतात, त्याचे काय?

---

कागदपत्री

उत्तररात्र यांनी धाग्यातली मोठी उणीव भरून काढली, त्याबद्दल त्यांचे आभार.

त्या गृहस्थांना नम्रपणे सांगावे की जॉर्जला स्वतःचे मूल नव्हते. मार्थाची पहिल्या लग्नाची मुले आणि त्यांची मुले त्याच्या घरी वाढली, पण त्यांच्याशी त्याचे रक्ताचे नाते नाही. माउंट व्हर्ननही पुढे बुशरॉड या पुतण्याला मिळाले. सावत्र भाऊ ऑगस्टीन, सख्खे भाऊ सॅम्युएल, जॉन ऑगस्टीन आणि चार्ल्स, किंवा बहीण बेटी लुईस यांच्यापैकी कोणाचे वंशज असाल तर ते तपासता येते, असे त्यांना सांगा. बेटीचे वंशज तर पुष्कळ आहेत.

डीएनएचे काम झालेले आहे. सॅम्युएलची हेअरवूड नावाची वाडी वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्स टाउनजवळ आहे. तिथल्या खूण नसलेल्या कबरींतले अवशेष सॅम्युएलच्या दोन नातवांचे आणि त्यांची आई ल्यूसी पेन हिचे असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. हयात असलेल्या एका वंशजाच्या नमुन्याशी तुलना करून जॉर्जचा वाय गुणसूत्राचा प्रकारही त्यातून अनुमानाने काढण्यात आला. माउंट व्हर्ननची कबर त्यासाठी उघडावी लागली नाही.

पण हर्ड आणि वॉटर्स यांच्या वादात या चाचणीचा काहीच उपयोग नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. सर जॉन आणि पाद्री लॉरेन्स हे सख्खे भाऊ, आणि व्हर्जिनियाचा जॉन हा त्या पाद्र्याचा मुलगा. काका, बाप आणि मुलगा तिघांचेही गुणसूत्र एकच. सल्ग्रेव्हच्या एखाद्या पुरुषाचे अवशेष उद्या तपासले तरी घराणे एक आहे, एवढेच कळेल, आणि तेवढे हर्ड यांनाही कळले होते. कोणता जॉन जहाजावर चढला, हे ठरवायला आजही ॲम्फिलिसच्या मालमत्तेचा तो दाखलाच काढून पाहावा लागतो.